बसलेलं गवत

राहुल आणि तन्वी,

मागच्या रविवारी तुमचा फोन आला तेव्हा पलीकडून यंत्राचा आवाज येत होता. बाबा गवत कापतोय, असं राहुलने सांगितलं. मग त्याने मला विचारलं की आजी, तू नोकरीत नक्की काय करायचीस? मी म्हणाले, गवत लावायचे. तुम्ही दोघंही खूप हसलात. गवत काय लावायचं, ते तर येतंच, असं तन्वीचं म्हणणं पडलं. त्या वेळी मी विषय बदलला, कारण त्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही.

एका दिवाळी अंकाच्या संपादक बाईंनी माझ्याकडे नोकरीतली यशोगाथा मागितली आहे. मी त्यांना कळवलं की मी लिहीन, पण नातवंडांना लिहिल्यासारखं लिहीन, आणि ती यशोगाथा असेलच असं नाही. त्या चालेल म्हणाल्या. वाचल्यावरही तसंच म्हणतील का, ते मला माहीत नाही.

माझं लहानपण लातूरचं. माझे वडील शिक्षक होते. आमच्या घराण्यात शिकलेले ते पहिले, आणि इंग्रजी आलं की कुणापुढे मान खाली घालावी लागत नाही यावर त्यांचा ठाम विश्वास. म्हणून मला हैदराबादला मावशीकडे ठेवून इंग्रजी शाळेत घातलं. पुढे परभणीला शेतीचं शिक्षण घेतलं आणि चारा विकासाच्या सरकारी कामात लागले. सगळी नोकरी नांदेड जिल्ह्यात झाली. हाताखालच्या लोकांच्या चिठ्ठ्यासुद्धा मी लाल शाईने दुरुस्त करून परत द्यायची. माझ्या टेबलावरून चुकीचा शब्द बाहेर जात नाही, असं ऑफिसात म्हणत. मला ते ऐकायला आवडायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता गवत. तुमच्या अंगणातलं गवत शोभेचं. माझं गवत गुरांच्या पोटाचं, त्याचं नाव मारवेल. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ आश्चर्य होतो, पण खेड्यातल्या माणसाला त्याच्याशी काही घेणं नाही. ते आपलं मारवेल म्हणतात आणि विळा लावतात. ओळखायची खूण सोपी आहे. काडी हातात घेऊन तिची गाठ बघायची. गाठीभोवती पांढऱ्या केसांचं बारीक कडं असतं. तुरा जांभळट, हाताची बोटं फाकवल्यासारखा. एकदा लावलं की हे गवत वर्षानुवर्षं राहतं. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळतं, गुरं ते खाऊन जातात, जमीन उघडी दिसते. पण खाली मुळं जिवंत असतात. पाऊस झाला की आठवड्याभरात हिरवं.

लावायचं कसं? बी पेरून लावता येतं, पण त्यात फसगत फार. बी पिसासारखं हलकं, त्याला वाकडं कुसळ. नायगावकडच्या एका शेतकऱ्याने माझ्याकडून पोतंभर बी नेलं आणि वारं सुटलेल्या दुपारी मोठ्या उत्साहाने फेकलं. त्याच्या शेतात काडी उगवली नाही. शेजाऱ्याच्या कापसात मात्र छान उगवलं, आणि तो शेजारी तक्रार घेऊन माझ्या ऑफिसात. तेव्हापासून आम्ही बी ओल्या मातीत आणि शेणात कालवून त्याच्या गोळ्या करून देऊ लागलो. माझं नाव लाडूवाल्या मॅडम पडलं. दुसरी गोष्ट, ताजं बी झोपलेलं असतं. काढलं आणि लगेच पेरलं तर फारसं उगवत नाही. काही महिने ठेवावं लागतं. एका वरिष्ठांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी ताजं बी ओल्या फडक्यात ठेवून पाहिलं, उगवलं नाही, आणि माझ्याकडे बोगस बियाण्याबद्दल खुलासा मागितला. मी दोन पानी खुलासा लिहिला. त्याचं सार एवढंच होतं की साहेब, ते झोपलंय.

त्यापेक्षा ठोंबं बरी. जुन्या गवताचा गड्डा उपटायचा, मुळांसकट दोन-तीन काड्यांचे तुकडे करायचे, वरचा शेंडा छाटायचा. जमीन दोनदा नीट भिजली की दीड-दीड फुटांवर ओळी आखून ती लावायची. पहिला दीड महिना तण काढायचं. पहिली दोन वर्षं जनावर आत सोडायचं नाही, कारण मुळं धरायच्या आत ते ओढून खातं आणि सगळा गड्डा हातात, म्हणजे तोंडात, येतो. कापायचं ते फुलावर येताना, आणि जमिनीपासून चार बोटं सोडून. त्या चार बोटांतूनच पुन्हा फुटतं. हे सगळं शिकवणं हीच माझी नोकरी. चार बोटं सोडा, हे वाक्य मी किती गावांत किती वेळा म्हटलं असेल, त्याचा हिशेब नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. मुखेडपासून एसटीने पाऊण तासावर एक गाव आहे. त्याचं नाव लिहीत नाही. गावाला माळावर मोठं गायरान होतं. गायरान म्हणजे गावातल्या सगळ्या गुरांनी चरायची सरकारी जमीन. ज्याला शेत नाही त्याची गायही तिथे चरते. त्या भागातल्या गाई लाल रंगाच्या, देखण्या, कमी चाऱ्यावर तगणाऱ्या. काशाबाईकडे अशा दोन होत्या. काशाबाई आपल्या वस्तीतली, म्हणजे बौद्ध वाड्यातली, माझ्याहून थोडी लहान. नवरा लवकर गेला. शेत नाही. दुसऱ्यांच्या शेतात मजुरी आणि या दोन गाई, एवढ्यावर तिने घर चालवलेलं. मला ती जयभीम ताई म्हणून हाक मारायची. मॅडम कधी म्हणाली नाही.

गायरानं सुधारायची एक योजना आली होती. अर्ज इंग्रजीतून भरायचा होता आणि आमच्या ऑफिसात तो नीट भरणारी मी एकटी. मी गायरान बघायला गेले ते भर चैत्रात. माळ उघडा, मुरूम वर आलेला, गुरांनी मुळापर्यंत खाल्लेला. फॉर्मात एक रकाना होता, जमिनीची सध्याची स्थिती. मी त्यात वेस्टलँड लिहिलं. मराठी प्रतीत लिहिलं, पडीक. जमीन चांगली आहे म्हणून लिहिलं असतं तर निधी आला नसता. सुधारायला आधी बिघडलेली जमीन लागते.

ग्रामसभेत मी तो अर्ज वाचून दाखवला. पुढे गणपतराव बसले होते. गावातले जुने शेतकरी, बारा-पंधरा गुरं बाळगून असलेले. ते म्हणाले, "पडीक? कोण पडलंय?" लोक हसले. मी समजावलं की ही सरकारी भाषा आहे. तेव्हा मागच्या बायकांतून काशाबाई बोलली. "ताई, ते पडलेलं न्हाई. बसलंय. पाऊस लागला की उठतंय."

तिचं बरोबर होतं. गाठी बघायला मीच दुपारभर माळावर फिरले होते, आणि मुरमात मारवेलचे खुंट जागोजागी होते. मला ते दिसले होते. तरीही मी म्हणाले की हा नुसता कागदावरचा शब्द आहे, त्याने काय बिघडतं. गणपतरावांनी मान हलवली. "लिव्हा मग. कागदाला काय हाय, तोंड थोडंच हाय त्याला." ठराव झाला. अंगठे, सह्या झाल्या.

पुढची दोन वर्षं माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली. आम्ही नांगर लावला नाही, तेवढं मी नीट केलं. जिथे खुंट होते तिथे नुसती चराई बंद केली, मोकळ्या जागी ठोंबं लावली, सभोवती काट्यांचं कुंपण. राखणीला काशाबाई. तिने एकदा खुद्द आपल्या दिराची गाय कुंपणात शिरली म्हणून कोंडवाड्यात नेऊन बांधली. दीर भांडायला आला की घरच्या माणसाला अशी वागणूक का. तिने त्याला सांगितलं की घरचं माणूस तू हायेस, गाय न्हाई. ती गोष्ट महिनाभर गावात चालली.

तिसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला मी गेले. सगळा माळ गुडघाभर, तांबूस, वाऱ्याबरोबर वळणारा. गायरान ज्या सकाळी उघडलं त्या सकाळी सगळ्या घरांतून माणसं विळे घेऊन आली. ज्यांना शेत नाही त्यांनी आधी कापायचं, मग बाकीच्यांनी, असं गणपतरावांनीच ठरवून दिलं होतं. काशाबाई विळा चालवताना मधूनच थांबायची आणि हात जमिनीला आडवा लावून दाखवायची, चार बोटं. शेजारची बाई म्हणाली, हाव, कळलं, आमाला बी बोटं हायेत. दूरदूरची माणसं गायरान बघायला येऊ लागली. माझा फोटो छापून आला, हातात पेंढी घेऊन. तो तुमच्या आईकडे असेल.

योजना संपली तेव्हा शेवटचा अहवाल मीच लिहिला. त्यातही तोच रकाना होता. आता तिथे पडीक राहायला नको, हे माझ्या मनात आलं होतं, मला स्पष्ट आठवतं. पण जमिनीची स्थिती बदलली असं लिहायचं तर पुन्हा मोजणी, पुन्हा पंचनामा, पुन्हा वरच्या कचेरीच्या फेऱ्या. मार्चअखेर होती. मी वर लिहिलं, काम समाधानकारकरीत्या पूर्ण, आणि खालचा रकाना पहिल्या अर्जावरून जसाच्या तसा उतरवून काढला. इतरांच्या वेलांट्या दुरुस्त करणाऱ्या मी माझा एक शब्द तसाच राहू दिला.

पुढे बदली, बढती, आणि निवृत्ती. मी नांदेडला घर केलं. तुमचे आजोबा गेले. दर दसऱ्याला काशाबाईचा फोन यायचा, की ताई, यंदा अमुक इतकं वाढलंय. दोनाच्या चार गाई झाल्या होत्या.

मग एकदा तिचा फोन अवेळी आला, उन्हाळ्यात. म्हणाली, "ताई, माणसं आल्यात. काचा लावायच्यात म्हणतेत माळावर."

काचा म्हणजे सौरऊर्जेच्या पाट्या. मुलांनो, मी विजेच्या विरुद्ध नाही. माझ्या घरातला पंखा विजेवरच चालतो, आणि शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली तर त्याची रात्रीची फेरी वाचते. गावातही पुष्कळांना त्या हव्या होत्या. गणपतराव तोवर वारले होते. त्यांच्या मुलांकडे गुरं नव्हती, ट्रॅक्टर होता. पण गावाभोवती खरंच उघडी, खडकाळ जमीन होती. गायरानच का, हे मला कळेना.

मी कागद घेऊन कचेरीत गेले. एक तरुण अधिकारी होते. फार सभ्य वागले. उठून खुर्ची दिली, चहा मागवला. जागा शोधताना जुने पाहणी अहवाल चाळले, असं ते म्हणाले, आणि एक फाईल माझ्यापुढे ठेवली. मी उघडली. गायरानाचा तो पहिला अर्ज. निळी शाई, सुवाच्य अक्षर, एकही खाडाखोड नाही. मी म्हणाले की हे जुनं आहे, तिथे आता गुडघाभर चारा आहे, गावची गुरं त्यावर जगतात. त्यांनी शांतपणे शेवटचा अहवाल काढला. "मॅडम, काम पूर्ण झाल्यावरही तुम्ही पडीकच लिहिलं आहे. अक्षर तुमचंच ना?"

अक्षर माझंच होतं.

मी तीन अर्ज केले, दोन मराठीतून आणि एक इंग्रजीतून. त्या इंग्रजी अर्जात एकही चूक नव्हती. कुणी तरी तो फाईलला लावला असेल. ग्रामसभेलाही गेले. पूर्वी जिथे माझ्यासाठी खुर्ची मांडत तिथे आता सतरंजीवर तरुण मुलं बसली होती आणि त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं. एकाने शांतपणे विचारलं की आजी, चाऱ्यासाठी एवढी मोठी जमीन अडवून कुणाचं भलं? मी मारवेलबद्दल बोलले, मुळांबद्दल, मातीबद्दल. ऐकून घेतलं त्यांनी. मग हात वर करायला सांगितले, आणि ठराव झाला. विरोधात सात-आठ हात होते, बहुतेक बायकांचे.

बाहेर पडल्यावर काशाबाई एसटीच्या थांब्यापर्यंत माझ्याबरोबर आली.  मग तिने विचारलं. "ताई, तेवढा एक शबुद खोडता येत न्हाई का?"

मी म्हणाले, नाही येत.

"तुम्हीच लिवलाव ना? मग तुम्हालाच खोडता येतंय की."

मी तिला समजावत राहिले, की कागद एकदा पुढे गेला की लिहिणाऱ्याचा राहत नाही, त्यावर कुणाकुणाच्या सह्या झालेल्या असतात. ती ऐकत होती. एसटी आली. माझी पिशवी तिने आत ठेवून दिली आणि म्हणाली, सावकाश जावा. इंग्रजी आलं की मान खाली घालावी लागत नाही, असं माझे वडील म्हणायचे. मी मुखेडपर्यंत खिडकीबाहेर बघितलं नाही.

यंत्र येण्याआधी आम्ही दोघींनी बी गोळा करायचं ठरवलं होतं. पण उन्हाळा होता. उन्हाळ्यात मारवेलला बी नसतं, ते सगळं हिवाळ्यातच झडून गेलेलं असतं. तीस वर्षं हेच शिकवणाऱ्या मला ते कुणी सांगायची गरज नव्हती. तरीही मी पिशव्या घेऊन गेले. मग ठोंबं काढू म्हटलं, तर जमीन टिकावाला दाद देईना. काढलेले दहा-बारा गड्डे मी नांदेडला आणून गच्चीवर कुंड्यांत लावले. पाणी जास्त झालं की कमी, कळलं नाही. पावसाळा संपेपर्यंत एकच राहिला होता, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोही गेला. ज्या बाईने जिल्हाभर गवत लावलं तिला कुंडीत लावता आलं नाही. तुम्ही हसायला हरकत नाही.

जेसीबीने वरचा थर खरवडला. खांब रोवले, काचा बसल्या. काशाबाईने चारही गाई मुखेडच्या बाजारात विकल्या. विकत चारा घालून गाई राखणं तिच्या आवाक्यात नव्हतं. शेवटच्या गाईला गिऱ्हाईक मिळालं तरी ती दावं सोडेना, गिऱ्हाइकालाच सोडून घ्यायला लावलं, असं तिच्या दिराने मला सांगितलं. त्याच दिराने, ज्याची गाय तिने कोंडवाड्यात घातली होती. तो सांगताना हसला नाही.

पुढच्या दसऱ्याला तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. काय विचारायचं?

या श्रावणात मात्र तिचा फोन आला. आवाज नेहमीसारखा होता. तिला कामावर घेतलंय म्हणाली, त्या काचांवर. धूळ बसली की वीज कमी होते, म्हणून बायका पाणी मारून त्या पुसतात. पावसाळ्यात धूळ नसते, तेव्हा दुसरं काम. काचांच्या खाली गवत वाढतं आणि काचांवर सावली धरतं, ते उपटायचं.

मी विचारलं, कसलं गवत?

"आपलंच की ताई. मारवेल. दुसरं कुठलं यावं तिथं? आज उपटलं की आठ दिसांनी हाय पुन्यांदा. मुळ्या लई खोल गेल्यात, मशिनला बी गावल्या न्हाईत." मग म्हणाली, "ते उठून राहिलंय आन मी बसवून राहिले. पगार त्याचाच हाय."

 हाताने उपटतेस की विळ्याने, असं काही तरी मी विचारलं. ती म्हणाली की चार बोटं सोडून कापलं तर मुकादम ओरडतो, मुळासकट पाहिजे म्हणतो. आणि मग तिने सांगितलं की हे उपटणंही या पावसाळ्यापुरतंच. पुढच्या वर्षीपासून औषध मारायचं ठरलंय, मूळ जाळणारं. म्हणजे तेवढं कामही जाईल.

"मग त्या जागी काहीच येणार नाही," मी म्हणाले.

"न्हाई यायचं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. एखादं काम अखेर हातावेगळं होतंय, तसं तिने सांगितलं. "मग तुमचा शबुद खरा व्हईल, ताई."